चार दिवसांची नक्षी

नागपंचमीला मुलींनी हातावर काढलेली मेंदी पोळा येईपर्यंत उडून जाते. नक्षी कितीही सुरेख असो, ती राहत नाही. आता तुम्ही म्हणाल, जी राहायचीच नाही तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? पण चित्र म्हणजे भिंतीवर टांगून ठेवायची वस्तू, ही कल्पना काही सगळ्या जगाची नव्हे. फार ठिकाणी माणसानं आपल्या अंगावरच चित्रं काढली, आणि ती पुसली जाणार हे मनात धरूनच काढली.

मेंदी का उडते, ते आधी पाहू. पाला वाटून लावला म्हणजे त्यातला रंग कातडीच्या अगदी वरच्या, निबर थरात शिरतो आणि तिथं घट्ट धरून बसतो. हा थर मेलेल्या पेशींचा. तो रोज थोडाथोडा झडत असतो; तो झडला की त्याच्याबरोबर रंगही जातो. तळहाताची कातडी जाड, म्हणून तिथं मेंदी गडद चढते. शिक्षकबंधुभगिनींना वर्गात हे सहज दाखवता येईल. एकाच दिवशी तळहातावर एक ठिपका आणि हाताच्या पाठीवर एक ठिपका लावायचा, आणि कुठला किती दिवस टिकतो ते मुलांनीच मोजायचं.

जत्रेत मात्र हल्ली घटकाभरात काळीभोर होणारी ‘काळी मेंदी’ मिळते. तिच्यात पुष्कळदा केसांच्या कलपातलं पीपीडी नावाचं रसायन मिसळलेलं असतं. त्यानं कातडीवर फोड येतात, आणि एकदा का अंगाला ते बाधलं की पुढं जन्मभर सोसत नाही. पाल्याची मेंदी आधी नारिंगी दिसते, मग एकदोन दिवसांत तांबडी-तपकिरी होते. कोळशासारखी काळी कधी होत नाही. एवढी खूण ध्यानात ठेवावी.

मेंदीसारखंच काम करणारं एक झाड दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात आहे. त्याला जेनिपापो म्हणतात. त्याच्या कच्च्या फळाचा रस जवळजवळ पाण्यासारखा दिसतो. अंगावर रेघ ओढली तरी लगेच काही उमटत नाही. काही तासांनी हवा आणि कातडी यांच्याशी संयोग होऊन तीच रेघ निळसर काळी होते. मग ती धुऊन जात नाही. आठ-पंधरा दिवसांनी आपली आपण उडते. दुसरा रंग तांबडा. तो उरुकुम नावाच्या झुडपाच्या काटेरी बोंडांतल्या बियांपासून काढतात. हा मात्र वरवरचा, पाण्यानं निघणारा.

ब्राझीलच्या उत्तर टोकाला अमापा राज्यात वायांपी नावाचे लोक राहतात. ते या रंगांनी अंगावर नक्षी काढतात, तिला ते कुसिवा म्हणतात. त्या नक्षीत अजगर असतो, फुलपाखरू असतं, मासा असतो. पण सबंध प्राणी कोणी काढत नाही. माशाच्या काट्यांची ठेवण, अजगराच्या पाठीवरची खूण, एवढंच घ्यायचं आणि ते अंगभर गुंफत न्यायचं. मौजेची गोष्ट अशी, की बाहेरच्या लोकांकडून लोखंडी कानस त्यांच्या हाती आली, तेव्हा तिच्या दातांचीही नक्षी झाली! जुनं जपणाऱ्याला नवं वर्ज्य असतं असं नाही, हे मला यात फार आवडतं.

वायांपी म्हणतात, रंग करण्यात आणि नक्षी काढण्यात चाळिशीच्या आत खरा हात बसत नाही. विचार करा! पंधरवड्यात पुसून जाणाऱ्या चित्रासाठी चाळीस वर्षांची उमेदवारी. चित्र साठवता येत नाही, म्हणून ते काढणारा हातच तयार ठेवावा लागतो.

तो हात गेला म्हणजे काय होतं, हे त्याच खंडाच्या दक्षिण टोकाला दिसतं. तिथं तिएरा देल फुएगो या थंड बेटावर सेल्कनाम लोक राहत. मुलगा वयात आला की ‘हाइन’ नावाचा मोठा विधी होई. मोठी माणसं तांबड्या, पांढऱ्या, काळ्या रंगांचे पट्टे नि ठिपके अंगभर काढून देवतांची सोंगं घेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेंढ्यांच्या कुरणांसाठी गोऱ्यांनी ती जमीन घेतली, माणसं मारली. उरलेल्यांत साथी शिरल्या. 1923 साली मार्टिन गुसिंदे या धर्मोपदेशक अभ्यासकानं हा विधी पाहून त्याची छायाचित्रं घेतली. सेल्कनामांचे वंशज आजही आहेत. पण आजोबा अंग कसं रंगवीत हे बघायचं, तर त्यांना ही छायाचित्रं उघडावी लागतात. तीही काळी-पांढरी. तांबडा कुठं होता ते शोधायला गुसिंदेचं लिखाण वाचावं लागतं.

वायांपींची संख्या फार नाही. युनेस्कोच्या त्या वेळच्या नोंदीत सुमारे 580 माणसं आणि 40 लहान गावं असा आकडा होता. 2003 साली युनेस्कोनं कुसिवाचा गौरव केला, 2008 साली आपल्या वारशाच्या यादीत तिला घातलं. आणि तरुणांचं लक्ष उडत चाललंय, ही धास्तीही बोलून दाखवली. अपीना नावाची वायांपींची स्वतःची परिषद आहे. तिथली तरुण मंडळी आता वडीलधाऱ्यांपाशी बसून नक्षीची नावं विचारतात, ती आपल्याच भाषेत लिहून घेतात. चाळिशी गाठायला त्यांना अजून बराच अवकाश आहे.