पंक्चर काढण्याआधी

- हवेचा टायर: रॉबर्ट थॉमसन यांचे पेटंट १८४५चे, जॉन बॉइड डनलॉप यांचे १८८८चे.
- व्हॉल्व्ह: साध्या सायकलला वुड्स, गिअरच्या सायकलला बहुधा मोटारसारखा श्रेडर, रेसिंग सायकलला बारीक प्रेस्टा.
- शोध: फुगवलेली ट्यूब पाण्यात बुडवा. बुडबुडे येतील तिथे खूण करा.
- ठिगळ: जागा पुसून पॉलिश पेपरने घासा. सोल्यूशन लावा. ओलेपणा गेल्यावरच पॅच दाबा.
- भोक की चीर: काट्या-खिळ्याचे भोक बहुधा एकच. शेजारीशेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी असताना रिमने चेपलेली ट्यूब.
- टायर चढवण्याआधी: आतून चिंधी फिरवा. अडकलेला काटा तिला लागतो.
- दाब: कमाल मर्यादा टायरच्या बाजूवर छापलेली असते. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय.