मिठाला पाणी सुटलं की

घरात बुरशी येणार की नाही, हे सांगणारं सर्वांत स्वस्त उपकरण स्वयंपाकघराच्या फळीवर असतं: मिठाची बरणी. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. खड्याच्या समुद्री मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यामुळे ते त्याआधीच पाझरतं. पण पुड्यातलं बारीक मीठही चमच्याला चिकटू लागलं, तर समजावं की लाकडावर बुरा धरण्याची वेळ आली. बहुतेक घरगुती बुरशांची वाढ आर्द्रता 75 ते 80 टक्के झाली की सुरू होते. मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या पट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस 85 टक्क्यांच्या आसपास राहते, त्यामुळे दिवाळीच्या साफसफाईत कपाट पुढे ओढलं की त्याच्या पाठीवर हिरवट-करडी वर्तुळं दिसणं या भागाला नवं नाही.

ही वर्तुळं दिसली की आपला हात आधी बाटलीकडे जातो, आणि तिथेच गणित चुकतं. बुरशीचे बीजाणू हवेत सदासर्वकाळ असतात. धुळीत, कपड्यांवर, पुस्तकांच्या पानांत, सगळीकडे. ते घरातून कायमचे घालवणं कुणाला शक्य नाही. अन्नही त्यांना मुबलक मिळतं: लाकडातली साखर आणि पिष्ट, वरची धूळ, हाताचा तेलकटपणा. कमी असतं ते फक्त पाणी, आणि आपल्या ताब्यात आहे तेही तेवढंच. म्हणून औषध कोणतं लावलं याला मी दुय्यम मानतो. ओल कुठून आली, हा प्रश्न सुटला नाही तर पुढच्या श्रावणात बुरा त्याच जागी परत येतो.

लाकूड तोडून, वाळवून, रंधून, पॉलिश करून दारात बसवलं तरी हवेशी त्याची देवघेव थांबत नाही. हवेत 50 टक्के आर्द्रता असेल तर लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 9 टक्क्यांवर स्थिरावतं, आणि 90 टक्के आर्द्रतेत ते 20 टक्क्यांच्या आसपास जातं. पावसाळ्यात दारं फुगून चौकटीत अडकतात ती याचमुळे. लाकडातलं पाणी 20 टक्क्यांच्या खाली राहिलं तर ते सहसा सुरक्षित असतं. त्याच्या वर पृष्ठभागावर बुरा येतो, आणि 28-30 टक्क्यांच्या पुढे गेलं की वेगळंच संकट उभं राहतं. तिथे लाकूड कुजवणाऱ्या बुरशा येतात. बुरा लाकडाचं रूप बिघडवतो, या बुरशा मात्र लाकडाला ताकद देणारे सेल्युलोज आणि लिग्निनसारखे घटकच खातात. फरक ओळखायला स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. डाग असलेल्या जागी टोक दाबून पाहावं. लाकूड टणक लागलं तर तो बुरा, आणि टोक सहज आत घुसलं किंवा लाकूड तपकिरी होऊन चौकोनी भेगांनी फुटत असेल तर ती कूज. वासा, तुळई किंवा दाराची चौकट कुजत असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये, जाणकार सुताराला बोलवावं.

काळं दिसतं ते सगळं बुरशीही नसतं. सागाच्या फळीत लोखंडी खिळ्याभोवती जो निळसर-काळा डाग पडतो, तो लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनच्या संयोगाचा असतो, आणि बुरशीच्या औषधाने तो हलत नाही. शंका असेल तर एका लपलेल्या कोपऱ्यात पातळ केलेल्या ब्लीचचा थेंब टाकून पाहावा. काही मिनिटांत डाग फिकट झाला तर बुरशी, नाही झाला तर मळ किंवा दुसरं काही.

ब्लीचचा उपयोग लाकडासाठी मी इथवरच मानतो. फरशीवर आणि टाइल्सवर ते चालतं, कारण तिथे बुरशी वरच्यावर असते. लाकूड सच्छिद्र आहे. ब्लीचमधला क्लोरीनयुक्त भाग पृष्ठभागावर थांबतो आणि द्रावणातलं पाणी आत मुरतं. डाग पांढरा झाल्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं, पण आतले तंतू शाबूत राहतात आणि त्यांना वर पाणीही मिळालेलं असतं. शिवाय ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर मिसळलं तरी विषारी वायू तयार होतात. बंद न्हाणीघरात हे जिवावर बेतू शकतं.

सफाईचं काम उघडीप असलेल्या दिवशी काढावं. पाऊस ओसरल्यावरचं ऑक्टोबरचं ऊन या कामासाठी सर्वांत चांगलं. जागची हलणारी वस्तू गॅलरीत किंवा अंगणात न्यावी. खोलीतच करायचं असेल तर खिडक्या उघडाव्यात, पंखा मात्र बंद ठेवावा, कारण वाऱ्याने बीजाणू घरभर पसरतात. एन-95 मास्क, हातमोजे आणि जुने कपडे घालावेत. दमा, ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाने, गरोदर बाईने आणि लहान मुलांनी त्या खोलीत थांबू नये. घरातली ओल आणि बुरशी यांचा श्वसनाच्या त्रासाशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिका काढून मांडला आहे. मेलेल्या बुरशीचे कणही ॲलर्जी देतात, म्हणून बुरशी नुसती मारून भागत नाही, ती पुसून घराबाहेर न्यावी लागते.

कोरड्या झाडूने किंवा ब्रशने बुरा कधी झटकू नये. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब टाकून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावं. फडका सतत बदलावा आणि वापरलेले फडके पिशवीत बांधून टाकून द्यावेत. मग स्वच्छ ओलसर फडका, त्यानंतर कोरडा. पॉलिशच्या वरवरचा बुरा बहुधा एवढ्यानेच जातो. कच्च्या लाकडावर डाग उरला तर साधं पांढरं व्हिनेगर पाणी न घालता लावून तासभर ठेवावं आणि पुसावं. लाखेच्या पॉलिशची झळाळी त्याने मरते, तेव्हा तिथे आधी कोपऱ्यात चाचणी घ्यावी.

मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो टाकणखार. लिटरभर कोमट पाण्यात सुमारे 50 ग्रॅम टाकणखार पूर्ण विरघळवावा आणि वाळलेल्या कच्च्या लाकडावर ब्रशने लावावा. तो धुऊन काढायचा नाही. बोरॉनचे क्षार लाकडात राहतात आणि बुरशीला परत रुजू देत नाहीत. इमारती लाकूड टिकवण्याच्या धंद्यातही बोरॉन संयुगं याच कारणासाठी वापरतात. पावसात भिजणाऱ्या बाहेरच्या दारावर मात्र ती पाण्याबरोबर वाहून जातात. टाकणखार पोटात गेला तर विषारी आहे. पोळपाट-लाटण्याला तो लावायचा नाही, आणि मुलांच्या व मांजरा-कुत्र्यांच्या हाती लागू द्यायचा नाही.

पोळपाट, लाटणं, रवी यांना गरम पाणी, साबण आणि ऊन एवढंच पुरे. धुतल्यावर पोळपाट ओट्यावर पालथा न घालता कडेवर उभा ठेवावा. डाग आत उतरला असेल तर पॉलिश पेपरने घासावं, आणि तरीही भेगांत काळं राहिलं तर त्या वस्तूचा मोह सोडावा. देव्हारा किंवा झोपाळा चमकावा म्हणून खोबरेल चोळतात, तेही थांबवलं पाहिजे. खोबरेल वाळत नाही, धूळ धरून ठेवतं आणि दोन्ही मिळून बुरशीचं जेवण होतं. कच्चं जवसाचं तेल वाळतं, पण फार हळू, म्हणून त्याचीही अडचण तीच.

कोकणातल्या जुन्या घरांना हे सगळं माहीत होतं. मे महिन्यात कौलांची शाकारणी व्हायची, पश्चिमेच्या पडवीला नारळाच्या झापांचा आडोसा बांधला जायचा, म्हणजे लाकडापर्यंत पाणी पोचायचंच नाही. चुलीची ऊब माळा कोरडा ठेवायची आणि धुरातली फिनॉलवर्गीय द्रव्यं वाशांवर बसून त्यांना जपायची. काही ठिकाणी लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावत. ते अंगाला लागलं तर फोड येतात, म्हणून जपून. आता त्या घरांतही गॅस आला, माळ्यावरचा धूर थांबला. तो गेला हे डोळ्यांसाठी आणि छातीसाठी चांगलंच झालं. पण त्याचं वाळवण्याचं काम दुसऱ्या कुणावर सोपवलेलं नाही, आणि सरकलेलं एक कौल आता वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. पावसाआधी एकदा माळ्यावर चढून बॅटरीने वासे पाहणं, हे काम कुणीतरी अंगावर घ्यायला हवं.

शहरातल्या फ्लॅटमध्ये ओलीच्या वाटा निराळ्या असतात. पावसाची झड घेणाऱ्या बाहेरच्या भिंतीला चिकटून कपाट ठेवलं की मागे हवा अडकते, तेव्हा भिंतीपासून निदान दोन-तीन इंच सोडावेत. खोलीत दोऱ्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांतलं पाणी शेवटी फर्निचरमध्येच जातं, आणि अर्धवट वाळलेला शर्ट कपाटात ठेवला तर आतल्या फळ्याही दमट होतात. एसी बंद करून लगेच खिडकी उघडली तर बाहेरची दमट हवा थंड लाकडावर दवासारखी बसते. डांबराच्या गोळ्या कीटकांसाठी आहेत, ओल त्या शोषत नाहीत. बंद कपाटात कॅल्शियम क्लोराइडचे डबे चांगलं काम करतात, फक्त त्यात साठलेलं पाणी वेळच्या वेळी ओतावं लागतं. मोठ्या खोलीला आर्द्रता कमी करणारं यंत्र लागतं. त्याबरोबर एक साधा आर्द्रतामापक घ्यावा आणि आकडा 60 च्या आसपास ठेवावा. गळतीने लाकूड भिजलं असेल तर ते 24 ते 48 तासांत वाळवावं; त्यानंतर बुरशी रुजायला लागते.

नवं फर्निचर करताना नुसत्या नावावर जाऊ नये. सागाचा गाभा तेलांमुळे टिकाऊ असतो, पण बाहेरचा पांढुरका भाग तसा नसतो, आणि गाभ्यावरही धूळ साचली की वरवरचा बुरा येतो. आंब्याचं आणि रबराचं लाकूड लवकर डागाळतं. प्लायवूडवरचे आयएस 303 आणि आयएस 710 हे शिक्के मुख्यतः त्याच्या थरांमधला डिंक पाण्याला किती टिकतो ते सांगतात. पृष्ठभागावर बुरा येणार नाही असं त्यातला कोणताच शिक्का म्हणत नाही. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड एकदा पाणी पिऊन फुगले की पूर्ववत होत नाहीत, ती फळी बदलावी.

सुताराला काम द्यायचं तर ते दिवाळीनंतर आणि मेच्या आत. पावसाळ्यात लावलेल्या लाखेच्या पॉलिशवर दमट हवेने पांढुरका धूर चढतो, आणि ओलं लाकूड पॉलिशखाली बंद केलं तर आतलं पाणी आतच राहतं. कपाटाची दर्शनी बाजू सगळेच करून घेतात. पाठ, तळ, खणांच्या आतल्या बाजू आणि प्लायच्या कापलेल्या कडा कच्च्या राहतात, आणि बुरा तिथूनच सुरू होतो. त्या सगळ्यांना सीलरचा निदान एक हात लावून मागावा, आणि कपाट भिंतीशी सरकवण्याआधी त्याची पाठ स्वतः पाहून घ्यावी.