माग थांबतात, तेव्हा मुलांचे ऐकू या

यंत्रमागावर काम करणाऱ्या कबनूरच्या अनेक घरांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. वडील पाळी संपवून घरी आलेत. नववीतला मुलगा काहीतरी सांगू पाहतो. "काय? मोठ्यानं बोल की!" मुलगा पुन्हा सांगतो. वडील पुन्हा म्हणतात, "आं?" तिसऱ्या वेळी मुलगा "काय न्हाई" म्हणून मोबाईल घेऊन कोपऱ्यात जातो. वडिलांना वाटते, पोरगे उद्धट झाले. मुलाला वाटते, पप्पा सारखे ओरडतात. पुष्कळदा दोघांपैकी कोणाचीच चूक नसते. अडचण वडिलांच्या कानाची असते.

मागाच्या खड्खडाटात अनेक ठिकाणी आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. अशा आवाजात वर्षानुवर्षे काढली की आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज ऐकू येणे कमी होते. स, श, फ, थ ही अक्षरे निसटतात. म्हणून माणसाला बोलणे ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत. बायकामुलांचे हळू बोलणे तर आणखीच निसटते. स्वतःचा आवाज मात्र नकळत चढतो. घरच्यांना तो राग वाटतो.

दिवाळीत शाळांना सुट्टी लागते आणि मागही काही दिवस थांबतात. आपल्यातली अनेक घरे दिवाळी साजरी करत नाहीत, पण ही सुट्टी मात्र आपलीही आहे. या दिवसांचा आणखी एक फायदा आहे. पाळीनंतर कानाला येणारा बधिरपणा आणि घूं घूं आवाज यातला काही भाग तात्पुरता असतो. एक-दोन दिवस शांतता मिळाली की तो कमी होतो. म्हणजे वर्षभरात वडिलांना मुलांचे बोलणे त्यातल्या त्यात नीट ऐकू येण्याचे हेच दिवस.

बोलायचे कसे?

समोरासमोर, उजेडात बसा. टीव्ही बंद करा. ओठांची हालचाल दिसली की निम्मे काम सोपे होते. मुलांनाही स्पष्ट सांगा, "मागामुळं मला कमी ऐकू येतं. मी ओरडलो तर तो राग नसतो." हे एक वाक्य ऐकून मुलाच्या मनातली कितीतरी वर्षांची गाठ सुटू शकते. मुलांनीही ओरडण्याऐवजी सावकाश आणि तोंडाकडे पाहून बोलावे.

समोर बसवून "अभ्यास कसा चाललाय?" असे विचारले की किशोरवयीन मूल गप्प होते. तेच मूल हात कामात असताना मोकळे बोलते. घर झाडताना, सायकलचे पंक्चर काढताना, भाकरी शिकताना. म्हणून रोज अर्धा तास एखादे काम बरोबर करा. मात्र सुट्टी लागली की मुलीच्या वाट्याला भांडी आणि मुलाच्या वाट्याला मैदान, असे होऊ देऊ नका. भांड्यांपाशी दोघांनाही बसवा. समतेचा धडा घरातूनच सुरू होतो.

मूल बोलू लागले की लगेच उपदेश करू नका. आधी पूर्ण ऐका. "मग तू काय केलंस?" एवढेच विचारा. मावा खाल्ला, मित्राकडून पैसे घेतले, कुणीतरी आवडते, असे काही कानावर आले तर हात उचलू नका. मार बसला की पुढचे सगळे लपवले जाते.

सुट्टीत मुले उशिरा उठली तर त्यांना आळशी म्हणू नका. वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते आणि झोप उशिरा लागते. या वयात 8 ते 10 तास झोप लागते. मोबाईल मात्र रात्री अंथरुणात नको. मोठ्यांचाही मोबाईल त्याच फळीवर ठेवा, म्हणजे नियम सर्वांचा होईल. दिवसातून निदान एक तास खेळ किंवा भरभर चालणे होऊ द्या, मुलींचेही.

जागा नाही, पैसा नाही

एका खोलीत निवांतपणा कुठून आणायचा, असे अनेकांना वाटेल. परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहत आणि मग भीमाला अभ्यासाला उठवत. त्यांच्याकडे द्यायला पैसा थोडा होता. त्यांनी आपला वेळ दिला.

वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. आश्विन पौर्णिमेला ते संपले तरी सुट्टीत रोज दोन पाने मुलाने किंवा मुलीने घरी मोठ्याने वाचावीत आणि वडिलांनी समोर बसून ऐकावीत. एक दिवस माणगावला जाऊन या. ते आपल्याच हातकणंगले तालुक्यात आहे. 21 आणि 22 मार्च 1920 रोजी तिथल्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते, आणि राजर्षी शाहू महाराजही तिथे आले होते. तेव्हा बाबासाहेब अवघे 28 वर्षांचे होते, हे मुलांना सांगा. परतीच्या वाटेवर प्रश्न त्यांना विचारू द्या.

हे दिसले तर थांबू नका

दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास असेल, जेवण-झोप बिघडली असेल, मित्र तोडले असतील किंवा "मी नसलो तरी चालेल" असे म्हणत असेल, तर ते नाटक समजू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असे शांतपणे, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मूल एकटे नाही हे त्याला कळते. त्याला एकटे सोडू नका. 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. संकटातल्या मुलांसाठी 1098 आहे.

आणि वडिलांनो, सुट्टी संपण्याआधी आपलाही कान तपासून घ्या. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. गेलेले ऐकणे परत येत नाही, पण उरलेले वाचवता येते, आणि गरज असेल तर श्रवणयंत्राने मदत होते. कापसाचा बोळा आवाज फारसा अडवत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे मऊ फोमचे इअरप्लग स्वस्त आहेत. माग पुन्हा सुरू होतील त्या पहिल्या पाळीला ते कानात घालूनच उभे राहा. संध्याकाळी घरी आल्यावर मुलाने काही सांगितले, तर ते पहिल्या वेळीच ऐकू यायला हवे.