बालकाचा दुर्मिळ आजार आणि पती-पत्नींचे सह-समायोजन : ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या संदर्भात

प्रस्तावना :
अपत्यास दुर्मिळ व असाध्य आजार जडला असता त्या कुटुंबाचा विचार बहुधा ‘आईचा त्याग’ आणि ‘वडिलांचा खंबीरपणा’ अशा दोन स्वतंत्र चौकटींत केला जातो. वस्तुतः हा ताण दोघांवर एकाच वेळी येतो आणि एकाच्या प्रतिक्रियेमुळे दुसऱ्याचा ताण वाढतो किंवा हलका होतो. ही परस्परावलंबी प्रक्रिया ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजाराच्या संदर्भात स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आजाराचे स्वरूप :
या आजारात एक्स गुणसूत्रावरील जनुकाच्या दोषामुळे डिस्ट्रोफिन हे प्रथिन तयार होत नाही व स्नायू क्रमाक्रमाने दुर्बल होतात. आजार मुख्यतः मुलग्यांमध्ये आढळतो. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयात मूल वारंवार पडू लागते. जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत उठते. पुढे चालणे थांबते, कालांतराने हृदय व श्वसनाचे स्नायूही बाधित होतात. स्टिरॉइड औषधांनी हा क्रम लांबतो, परंतु थांबत नाही. त्यामुळे पालकांचे दुःख निदानाच्या दिवशी संपत नाही. प्रत्येक टप्प्यावर ते नव्याने उभे राहते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांसंदर्भात सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्ये मांडलेली ‘चिरकालीन शोक’ ही संकल्पना येथेही लागू पडते.

सह-समायोजनाची संकल्पना :
लाझारस व फोकमन यांच्या १९८४ मधील विवेचनात ताणाला सामोरी जाणारी व्यक्ती केंद्रस्थानी होती. स्विस मानसशास्त्रज्ञ बोडेनमान यांनी १९९० च्या दशकात हा विचार दांपत्यापर्यंत नेला. त्यांच्या मते एक जोडीदार आपला ताण शब्दांतून वा वर्तनातून व्यक्त करतो आणि दुसरा त्यास प्रतिसाद देतो. या प्रतिसादाचे प्रमुख प्रकार असे :

१) आधार देणे : धीर देणे, म्हणणे ऐकून घेणे, व्यवहार्य सल्ला देणे.
२) जबाबदारी उचलणे : जोडीदाराच्या विनंतीवरून त्याची कामे काही काळ स्वतःकडे घेणे.
३) संयुक्त प्रयत्न : दोघांनी मिळून माहिती मिळविणे, निर्णय घेणे, दुःख वाटून घेणे.
४) नकारात्मक प्रतिसाद : टोमणे, उपेक्षा किंवा वरवरची सहानुभूती.

येथे एक गैरसमज वारंवार घडतो. पत्नीसमोर खचू नये म्हणून पती गप्प राहतो. ती गप्पगिरी पत्नीला बेफिकिरी वाटते. पत्नी पुनःपुन्हा तोच विषय काढते. पतीला ती तक्रार वाटते. दोघांचा हेतू संरक्षणाचा असतो, परिणाम मात्र दुराव्याचा होतो.

दोषारोपाचा प्रश्न :
सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने ‘आजार आईकडून आला’ हा निष्कर्ष घरात सहज काढला जातो. शास्त्रीय वस्तुस्थिती अधिक सूक्ष्म आहे. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांमध्ये हा बदल नव्यानेच घडलेला असतो आणि आई वाहक नसते. आई वाहक असली तरी तिला बहुधा त्याची कल्पना नसते. प्रत्येक गर्भधारणेत मुलगा असल्यास तो बाधित होण्याची व मुलगी असल्यास ती वाहक होण्याची शक्यता ५० टक्के असते. यात कोणाचा दोष नाही. म्हणूनच जनुकीय समुपदेशन केवळ मातेचे न करता दोघांचे एकत्र करणे आवश्यक ठरते. पतीने हे स्वतः ऐकले असेल, तर नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तर देण्याचा भार एकट्या पत्नीवर पडत नाही.

भारतीय संदर्भ :
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये जाहीर झाले. २०२२ मध्ये उपचारसाहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. या तरतुदी रुग्णाभोवती आखलेल्या आहेत. दाखले, रुग्णालयातील फेऱ्या व दैनंदिन शुश्रूषा मात्र घरातूनच पार पाडावी लागते. ही कामे दोघांत कशी विभागली जातात, यावर दांपत्याचे स्वास्थ्य बऱ्याच अंशी अवलंबून असते.

निष्कर्ष :
आजार बरा करणे पालकांच्या हाती नसते. परस्परांना एकटे न पाडणे मात्र असते. महाविद्यालयातील मानसशास्त्र, समाजकार्य व गृहविज्ञान या विषयांच्या अध्यापनात ‘काळजीवाहू माता’ या एककाऐवजी ‘दांपत्य’ हे एकक स्वीकारल्यास समुपदेशनाची दिशा अधिक वास्तव होईल. तसेच अशा पालकत्वातून जाणाऱ्या सहकाऱ्याची विचारपूस करताना ‘मूल कसे आहे?’ या प्रश्नाबरोबरच ‘तुम्ही दोघे कसे आहात?’ हेही विचारणे अगत्याचे आहे.