नाणेघाटाची वाट

आमच्या गावाचे नावच पेठ. पेठ म्हणजे बाजार, आणि वाटेवाचून बाजार बसत नाही. आपल्या भागातील फार जुनी व्यापारी वाट म्हणजे जुन्नरजवळचा नाणेघाट. सुमारे 2000 वर्षांपूर्वी सोपारा-कल्याण बंदरांतला माल हा घाट चढून जुन्नरला येई व पुढे सातवाहनांच्या पैठणला जाई. माथ्यावर कातळात कोरलेली खिंड आहे. तेथील दगडी रांजण जकातीचा, असे लोक सांगतात.

खिंडीतल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. त्यात यज्ञ व दाने यांची, आकड्यांसकट, नोंद आहे. तो इथेच का? येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला राजसत्तेचे वैभव दिसावे म्हणून, असे मला वाटते. लेण्यातल्या राजघराण्याच्या मूर्ती भंगल्या. वर कोरलेली नावे उरली.

पण पायऱ्या खोदणाऱ्यांची, ओझी वाहणाऱ्यांची नावे कुठेच नाहीत. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. म्हणून वाटते, इतिहासाच्या विद्यार्थ्याने लेखाबरोबर त्या झिजलेल्या पायऱ्याही वाचाव्यात. निरक्षरांची बखर तीच आहे.