उंदराचे आतडे आणि आमचे बालरुग्ण

मुलाच्या शौचातून वारंवार रक्त जाते, वजन वाढत नाही आणि अखेर आतड्याच्या दाहविकाराचे निदान होते. अशा वेळी पालक हल्ली हमखास विचारतात, "डॉक्टर, यावर जनुकोपचार निघाला आहे ना? उंदीर बरे झाले, असे वाचले." वाचलेले खोटे नसते, पण अर्धे असते.

१९९३ साली जर्मनीतील कोलोन येथील संशोधकांनी इंटरल्यूकिन-१० या प्रथिनाचे जनुक निकामी केलेले उंदीर निर्माण केले. हे प्रथिन म्हणजे प्रतिकारशक्तीचा लगाम. तो सुटताच उंदरांना आतड्याचा जुनाट दाह जडला. मात्र जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या अशाच उंदरांना तो झाला नाही. म्हणजेच बेलगाम प्रतिकारशक्ती आतड्यातील नेहमीच्या जंतूंवरच तुटून पडत होती.

हरवलेले जनुक परत द्यावे, ही कल्पना ओघानेच आली. काहींनी ते ॲडिनोव्हायरसमार्फत उंदराच्या आतड्यात पोचवून दाह कमी केला. बेल्जियममधील गेंटच्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. चीजसाठी वापरल्या जाणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जंतूत त्यांनी ते जनुक बसविले. पोटात गेलेला जंतू आतड्यातच ते प्रथिन स्रवू लागला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात रसायनाने उत्पन्न केलेला दाह निम्म्याने घटला; जनुकहीन उंदरांत तो टळला.

पुढे माणसासाठी, थायमिडीनवाचून जगू न शकणारा जंतू घडविण्यात आला, जेणेकरून तो शरीराबाहेर टिकू नये. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, क्रोन्सच्या १० रुग्णांवरील चाचणीत तो सुरक्षित आढळला. परंतु नंतरच्या चाचणीत परिणामकारकता सिद्ध झाली नाही. उंदराचा आजार एका जनुकाचा होता. माणसाच्या आजाराशी दोनशेहून अधिक जनुकस्थानांचा संबंध आढळला आहे. शिवाय आहार, जंतू आणि परिस्थिती आहेतच.

तरीही हे श्रम वाया गेले नाहीत. २००९ साली, तान्हेपणीच तीव्र दाह झालेल्या काही मुलांत इंटरल्यूकिन-१० च्या ग्राहकाचेच जनुक सदोष आढळले; त्यांपैकी एक मूल दात्याच्या मूलपेशींच्या रोपणाने सावरले. हा दोष आईवडील दोघांकडून यावा लागतो, आणि आपल्याकडे नात्यातील विवाह अजून होतात. म्हणून पहिल्या काही महिन्यांतच रक्तमिश्रित जुलाब आणि गुदद्वाराभोवती भगंदर दिसल्यास जनुकतपासणीचा विचार करावा, असे मी तरुण सहकाऱ्यांना आवर्जून सांगतो. इतर पालकांना माझी विनंती एवढीच, की जनुकोपचाराच्या आशेवर चालू औषधे बंद करू नयेत.