अनोळखी हातांची सामाईक वही

वाचकहो, व्यापारी पेढीवरील रोजकीर्द आपण पाहिली असेल. तीत एकदा लिहिलेली रक्कम खोडावयाची नसते. चूक आढळली, तर ती दुरुस्त करणारी नवी नोंद त्या दिवसाच्या तारखेने करतात. जुनी नोंद जेथल्या तेथे राहते. म्हणूनच कारकून बदलला तरी कोणत्या दिवशी काय घडले, याचा उलगडा पुढे कोणालाही होतो. संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी हाच शिरस्ता आपल्या कामास लावला आहे. त्यामुळे एकमेकांचे तोंडही न पाहिलेली हजारो माणसे आज एकाच कामावर खपू शकतात.

मोठ्या प्रोग्रामात सूचनांच्या लक्षावधी ओळी असतात. अनेकांनी एकाच वेळी त्यात हात घातला, तर एकाचे लिहिणे दुसऱ्याकडून पुसले जाण्याचे भय असते. ही अडचण लिनक्सच्या जनकासही भेडसावली. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिनक्सचा आरंभ केला. आपल्यापैकी अनेकांच्या हातात असलेले अँड्रॉइड फोन याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतात. २००२ पासून त्यातील बदलांची नोंद एका खाजगी कंपनीच्या प्रोग्रामात ठेवली जाई. एप्रिल २००५ मध्ये तो विनामूल्य वापरण्याची सवलत बंद झाली. तेव्हा टोरवाल्ड्स यांनी स्वतःच नवे साधन लिहावयास घेतले आणि अवघ्या काही दिवसांत ते स्वतःच्याच नोंदी ठेवू लागले. त्याचे नाव ‘गिट’. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे सोपविण्यात आली.

गिटची रीत समजावयास कठीण नाही. काम करणारा प्रत्येक जण संपूर्ण वहीची, तिच्या साऱ्या इतिहासासह, एक प्रत आपल्याजवळ ठेवतो. नवा प्रयोग करावयाचा असल्यास तो वेगळ्या शाखेत करतो. मूळ कामास धक्का लागत नाही. बदल पुरा झाला की कोणी, केव्हा व कशासाठी केला याची नोंद होते, आणि त्या नोंदीस तिच्या मजकुरावरून काढलेली सामान्यतः ४० चिन्हांची ओळखखूण मिळते. तीत आधीच्या नोंदीची खूणही गुंफलेली असते. त्यामुळे जुन्या नोंदीतील एक अक्षर जरी बदलले, तरी पुढील सर्व खुणा बदलतात आणि लबाडी लपत नाही.

अशा वह्या इंटरनेटवर ठेवण्याची सोय करणारे ‘गिटहब’ २००८ साली सुरू झाले. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ते ७५० कोटी डॉलरना घेतले. जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या सदस्यांची संख्या १० कोटींवर गेली. येथे परका मनुष्य आपला बदल सुचवितो, देखभाल करणारा तो ओळ न् ओळ वाचतो, शंका विचारतो, आणि पटल्यावरच मूळ कामात मिळवून घेतो.

परंतु वही चोख असली म्हणजे सारे सुरक्षित झाले काय? २०२४ सालची एक घटना सावध करणारी आहे. माहिती आटोपशीर करून साठविणारा ‘एक्सझेड’ नावाचा लहानसा प्रोग्राम असंख्य संगणकांत वापरला जातो. त्याची देखभाल एक गृहस्थ वर्षानुवर्षे विनावेतन करीत होते. ते थकले असता ‘जिआ तान’ या नावाने एक मदतनीस पुढे आला. सुमारे दोन वर्षे त्याने उपयुक्त काम केले, विश्वास संपादन केला, आणि मग त्या प्रोग्रामात चोरदरवाजा बसविला. त्याचा बराचसा भाग चाचणीच्या फायलींच्या रूपाने सर्वांच्या डोळ्यांदेखत वहीत होता, मात्र तो वाचण्याजोगा नव्हता. दरवाजा उघडणारी कळ तर वहीत नव्हतीच. वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात ती तेवढी सरकविली होती.

ती कपटयोजना उघडकीस आली ती आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या चिकाटीने. दूरस्थ संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी त्याचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला इशारा दिला. दूषित आवृत्त्या सर्वत्र पसरण्यापूर्वीच त्या काढून घेता आल्या.

वाचकहो, वहीने कोणता बदल कोणत्या नावाने झाला ते दाखविले. त्या नावामागील मनुष्य ओळखणे तिच्या आवाक्यातले नव्हते. शिवाय एकाच थकलेल्या माणसावर एवढा भार का पडावा, हा प्रश्न त्या प्रोग्रामवर विसंबणाऱ्या प्रत्येक संस्थेने स्वतःस विचारावयास हवा. आपल्या घरातील मुलगा वा मुलगी रात्री उशिरापर्यंत पडद्यावर कोणा परक्याने लिहिलेल्या ओळी तपासताना दिसली, तर ते काम रिकामपणाचे समजू नये. कोणीतरी ते लक्षपूर्वक करते, म्हणूनच आपला फोन, आपली बँक आणि आपला पत्रव्यवहार सुरळीत चालतो.